पाठ केलेला तक्ता

लग्नाकार्यात माझी ओळख ‘जुन्या मोबाईलमधून सोनं काढणारे भोसले’ अशी करून देतात. लगेच दोघंतिघं आपापला खिसा चाचपतात आणि एकजण हळूच विचारतो, “एका फोनमधून किती निघतं हो?” मी सांगतो की सोनं निघतं ते सगळ्यात शेवटी, टाकीच्या तळाशी साचणाऱ्या काळ्या गाळातून, आणि तो गाळही आम्ही दुसऱ्या कारखान्याला पाठवतो. माझी उमर गेली ती तांब्यात. ‘तांबं’ म्हटल्यावर समोरचा माणूस जेवणाच्या रांगेकडे बघायला लागतो.

चेन्नईत दुसरा घोटाळा आडनावाचा. भोसले म्हटलं की इथले लोक अदबीने विचारतात, “तंजावर?” राजघराण्याशी नातं असेल अशी त्यांना आशा असते. मी इस्लामपूरचा, एसटीतल्या मेकॅनिकचा मुलगा. सुरुवातीला मी लगेच ‘नाही’ म्हणायचो. पुढेपुढे नुसता हसायला लागलो. न बोलता खोटं कसं बोलावं याचं माझं शिक्षण तिथेच सुरू झालं असावं.

या अंकाच्या संपादकांनी ‘कामावरच्या गमतीजमती लिहा’ असं कळवलं होतं. मी आठ पानं लिहिली आणि सुनंदाला, म्हणजे माझ्या पत्नीला, वाचून दाखवली. पाचव्या पानापर्यंत ती छान हसली. सहावं पान आमच्या भट्टीवरच्या एळुमलैचं होतं. त्याचे डोळे अधू झाले, पण नोकरी जाऊ नये म्हणून त्याने माझ्यापुढे हात जोडले, मला दया आली आणि मी त्याला सांभाळून घेतलं, असं मी लिहिलं होतं. त्याचा पुढे एक डोळा गेला, तेव्हा माझी दया कशी अंगाशी आली, असा शेवट होता. तसा बरा उतरला होता.

सुनंदा म्हणाली, “अहो, हे असं नव्हतं.”

“असंच होतं. सगळ्या कंपनीला माहीत आहे.”

“कंपनीला तुम्ही सांगितलंत ते माहीत आहे. त्या दिवशी घरी आलात, बूट काढता काढता म्हणालात, ‘पटवला एकदाचा.’ हात जोडणाऱ्या माणसाला कशाला पटवावं लागतं?”

मी ते पान फाडलं. हे दुसरं.

आमचा कारखाना श्रीपेरुंबुदूरच्या पुढे आहे. आजूबाजूला मोटारी आणि मोबाईल नवे बनतात, आमच्याकडे जुने मरायला येतात. संगणक, छपाईयंत्रं, तारांची भेंडोळी, टेलिफोन कार्यालयातले कपाटाएवढे जुने सांगाडे. आधी ते हातांनी सुटे करायचे, मग यंत्रात भरडायचे. लोखंड चुंबकाने निघतं, प्लास्टिक वेगळं होतं, आणि तांब्याचा भाग भट्टीत जातो. भट्टीत आधी हवा फुंकतात. त्यामुळे शिसं, जस्त, कथील असली मंडळी जळून मळीबरोबर वर येतात आणि काढून टाकता येतात. पण हवा फुंकल्यामुळे तांब्यात प्राणवायू जास्त होतो, आणि असं तांबं ठिसूळ निघतं. तो प्राणवायू काढायला आम्ही काय करतो? वितळलेल्या तांब्यात ओलं लाकूड खुपसतो.

हे ऐकून लोकांना वाटतं मी थट्टा करतोय. पण खरंच तसं करतात, फार जुन्या काळापासून. आपण ज्याला सुरूचं झाड म्हणतो त्याच्या ताज्या तोडलेल्या बल्ल्या इकडे किनाऱ्यावरून येतात. ती बल्ली रटरटत्या तांब्यात घातली की तिच्यातल्या ओलाव्याचा आणि चिकाचा वायू होतो, सगळी भट्टी ढवळून निघते आणि तांब्यातला प्राणवायू जळून जातो. जगातले सगळे संगणक आमच्याकडे येऊन शेवटी एका ओल्या लाकडावर अवलंबून असतात.

शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचे एक गृहस्थ एकदा आपली जुनी यंत्रं डोळ्यांदेखत नष्ट होताना बघायला आले होते. नवे कोरे सुरक्षा-बूट घालून ते दिवसभर उभे राहिले. शेवटी त्यांनी एळुमलैला गंभीरपणे विचारलं, “आमची सगळी माहिती नेमकी जाते कुठे?” एळुमलैने धुरांड्याकडे बोट दाखवलं. “पोरूरच्या दिशेने, सार. आज वारा तिकडचा आहे.”

तर हा एळुमलै. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, बुटका, पोटऱ्या दगडासारख्या. लाकूड कधी थांबवायचं हे तो ठरवायचा. ते ठरवायची रीत अशी. लांब दांड्याच्या पळीने थोडं तांबं काढायचं आणि लहान वाटीएवढ्या साच्यात थिजू द्यायचं. मधोमध खड्डा पडला तर प्राणवायू अजून आहे, लाकूड चालू ठेवा. पृष्ठभाग सपाट आणि बारीक सुरकुत्यांचा आला तर झालं. फुगून वर आलं तर लाकूड जास्त झालं, आता तांब्यात वायू अडकला. पुस्तकात यांना भारदस्त नावं आहेत. एळुमलैच्या भाषेत सपाट म्हणजे डोसा आणि फुगलं म्हणजे पुरी. खड्ड्याला तो काही म्हणायचा नाही, नुसता हात हलवून ‘आणखी एक बल्ली’ सांगायचा.

डोसा आणि पुरी यांच्यामध्ये चारपाच मिनिटंच असतात. मी धातुशास्त्राचा पदवीधर. माणसाच्या नजरेवर कारखाना चालतो ही गोष्ट मला अडाणीपणाची वाटली आणि मी मोठा अहवाल लिहून प्राणवायू मोजायचं यंत्र मागवलं. पहिल्याच आठवड्यात एळुमलै म्हणाला, “डोसा, सार. थांबवा.” माझं यंत्र म्हणालं, अजून आहे. मी सगळ्यांसमोर म्हणालो, “आणखी एक.”

“सार, होईल.”

“काय होईल?”

“पुरी होईल.”

झाली. साच्यांमध्ये ओतलेल्या सगळ्या जाड पाट्या भाजल्यासारख्या फुगल्या आणि मधून पोकळ निघाल्या. एक पाळीभर खपून केलेला सगळा माल पुन्हा भट्टीत घालावा लागला. यंत्राचं टोक मळीने माखल्यामुळे ते तासापूर्वीचाच आकडा दाखवत होतं, हे मागाहून कळलं. त्या दिवसापासून माझ्या पाठीमागे माझं नाव ‘पुरी सार’ पडलं. कँटीनमध्ये खरोखरच पुऱ्या असल्या की वाढणारा माझ्याकडे न बघता वाढायचा.

त्यानंतर मी एळुमलैचा शब्द कधी मोडला नाही. लोकांना वाटलं साहेब नम्र झाले. खरं कारण वेगळं होतं. साच्यातल्या तांब्याकडे मीही रोज बघत होतो आणि मला ते कळतच नव्हतं. मला सगळेच डोसे दिसायचे. विभागाचा प्रमुख मी, आणि माझ्या विभागातलं एकच काम जे येणं जरूर होतं ते मला येत नव्हतं. हे माझ्याखेरीज एकट्या एळुमलैला माहीत होतं. त्याने ते कधीच कुणाला सांगितलं नाही.

भट्टीच्या तोंडात बघायला आम्ही निळी काच देतो. एळुमलै ती कपाळावर चढवून ठेवायचा. काचेतून रंग कळत नाही म्हणायचा, आणि ते खरंही होतं. मी दर महिन्याला त्याला काच लावण्याची ताकीद द्यायचो आणि त्याच दिवशी ‘झालं का?’ म्हणून त्यालाच विचारायचो. वर्षानुवर्षं त्या धगीत उघड्या डोळ्यांनी बघणाऱ्याला मोतीबिंदू लवकर होतो. हे मी कॉलेजात वाचलं होतं. परीक्षेत आलंही होतं, आणि उत्तर बरोबर लिहिलं होतं.

त्याचे डोळे जाताहेत हे मला ज्या प्रकारे कळलं ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. सकाळची वेळ होती. भट्टीसमोर मी त्याच्या वाटेत उभा होतो, पांढरं हेल्मेट घालून. पांढरं फक्त अधिकाऱ्यांना असतं. एळुमलै हातात पळी घेऊन आला आणि मला कोपराने ढकलून म्हणाला, “ए, तळ्ळु डा!” म्हणजे ‘सरक रे’. बाजूची माणसं थिजली. मी मोठ्याने हसलो, मनाचा मोठेपणा दाखवायची संधी मिळाली म्हणून. मग हसू ओसरलं. इतक्या वर्षांत त्याने मला ‘सार’ शिवाय हाक मारलेली नव्हती. त्याला चार फुटांवरचं पांढरं हेल्मेट दिसलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी लक्ष ठेवलं. थिजलेलं तांबं तो आता बघतच नव्हता. मान त्या दिशेला करायचा, पण काम अंगठा करत होता. पाण्यात बुडवून गार केलेल्या त्या तुकड्यावरून तो अंगठा फिरवायचा, आंबा चाचपतात तसा, आणि निकाल सांगायचा. निकाल बरोबर यायचा. मी मनाशी म्हटलं, मग काय बिघडलं?

दोन आठवड्यांनी एळुमलै स्वतःच माझ्या खोलीत आला. इथून पुढचं मी आजवर उलटं सांगत आलो आहे, म्हणून सावकाश लिहितो.

तो दारातच उभा राहिला. “सार, डोळ्यांपुढे धूर दिसतो. घरीसुद्धा. बायको म्हणते ऑपरेशन करून घे. सरकारी दवाखान्यात करतात म्हणे. रजा पाहिजे.”

हे त्याचे शब्द होते. त्याने हात जोडले नव्हते. त्याने रजा मागितली.

मी त्याला बसवलं. चहा मागवला. हे मी पूर्वी कधी केलं नव्हतं, त्यामुळे तो आणखीनच घाबरून खुर्चीच्या कडेवर बसला. त्या वर्षी एक मोठा ग्राहक आमचं तांबं घ्यायचं की नाही हे ठरवत होता. वर्षभर ते नमुने तपासणार होते. ते जमलं असतं तर माझी बढती नक्की होती. एळुमलै नसता तर लाकूड कधी थांबवायचं हे मला ठरवावं लागलं असतं.

मी म्हणालो, “एळुमलै, डोळ्यांचं ऑपरेशन झालेल्या माणसाला भट्टीवर उभं करत नाहीत. नियम आहे. तुला तारा निवडायला बसवतील.”

“तारा बायका निवडतात, सार.”

“म्हणूनच सांगतो.”

त्याच्या मर्मावर बोट पडलं होतं आणि मला ते कळत होतं. मी पुढे म्हणालो, “वर्षभर थांब. मोतीबिंदू कुठे पळून जातो? पिकला की उलट ऑपरेशन सोपं जातं म्हणतात.”

असं कोण म्हणतं? माझ्या लहानपणी इस्लामपुरात कुणीतरी म्हणायचं. तेवढ्या आधारावर मी एका माणसाच्या डोळ्यांचा सल्ला दिला.

“पण सार, पुढच्या महिन्यात तपासणी आहे. अक्षरं वाचायला लावतात.”

“ते माझ्यावर सोड,” मी म्हणालो.

आमच्या प्रथमोपचाराच्या खोलीत डोळे तपासायचा तमिळ अक्षरांचा एक तक्ता कायमचा भिंतीवर होता. वर एक मोठं अक्षर, खाली लहान होत जाणाऱ्या ओळी. मी डोकेदुखीची गोळी मागायला गेलो आणि तो तक्ता डायरीत उतरवून आणला.

कंपनीची बस आवडी नावाच्या उपनगरातून निघते. मी आवडीलाच राहतो, सुनंदा तिथल्या एका शाळेत शिकवते. एळुमलैचं घर स्टेशनच्या पलीकडे. बसमध्ये पुढच्या तीन ओळी अधिकाऱ्यांच्या, मागे कामगार. मी महिनाभर मागे एळुमलैशेजारी बसलो. सगळी बस भारावून गेली. कुणीतरी म्हणालं, भोसले सार माणूस म्हणून फार वर गेले. आणि हा वर गेलेला माणूस डायरी गुडघ्यावर धरून कुजबुजत होता, “तिसरी ओळ?”

“क, ट, य, प.”

“प नंतर?”

“काही नाही, सार. प नंतर चौथी.”

“चौथी उजवीकडून म्हणून दाखव. उलटं विचारलं तर?”

तो मुलासारखा मान खाली घालून उलटी म्हणून दाखवायचा. चुकला की कपाळावर हात मारून घ्यायचा. एकदा म्हणाला, “शाळेत मास्तर मारायचे तरी मला असं पाठ झालं नव्हतं.” आणि आम्ही दोघंही हसलो. ते हसू मला फार आवडलं होतं, हेही लिहून ठेवतो.

तपासणी झाली. तपासणाऱ्या घाईतल्या माणसाने तक्त्यावर काडी टेकवली, एळुमलैने अक्षरं म्हटली. ‘दृष्टी सामान्य’ असा शिक्का पडला, त्याखाली ‘भट्टीच्या कामास योग्य’ अशी माझी सही. मी घरी गेलो आणि बूट काढता काढता ते वाक्य बोललो जे सुनंदाच्या लक्षात राहिलं.

ग्राहक खूश झाला. मला बढती मिळाली. एळुमलैने वर्षभर अंगठ्याने तांबं वाचलं.

दुसऱ्या वर्षीच्या तपासणीला मी निश्चिंत होतो. तक्ता त्याला अजून पाठ होता. पण या वेळी कंपनीने बाहेरून शिबिर बोलावलं होतं. पन्नाशीतल्या एक बाई आल्या होत्या, केसांत मोगरा, चष्मा साखळीला अडकवलेला. त्यांनी आपला तक्ता आणला होता. त्यावर अक्षरंच नव्हती. उघड्या बाजूची वर्तुळं होती. उघडी बाजू वर आहे की खाली, डावीकडे की उजवीकडे, एवढं सांगायचं. भिंतीवरचा जुना तक्ता त्यांनी काढून टेबलाखाली ठेवला होता.

मी दारात पोचलो तेव्हा एळुमलै खुर्चीवर बसलेला होता, पाठ ताठ, एका डोळ्यावर पुठ्ठा धरून. बाईंनी पहिल्या ओळीला काडी लावली. मला घसा खाकरायला हवा होता. काही ओरडायला हवं होतं. मी नुसता उभा राहिलो.

एळुमलै स्पष्ट आवाजात म्हणाला, “क.”

बाई थांबल्या. त्यांनी काडी दुसऱ्या ओळीला लावली.

“ट, न.”

रांगेतली माणसं खोखो हसायला लागली. एळुमलैला वाटलं चूक झाली. त्याने घाईने सुधारलं, “न, ट.” मग ज्या बाजूला दार होतं त्या बाजूला मान वळवून तो थांबला. मी तिथे उभा असेन असं त्याला वाटलं असावं. माझे ओठ आपोआप हलत होते. तिसरी ओळ. क, ट, य, प.

बाईंचं लक्ष माझ्याकडे गेलं. छातीवरची माझी नावाची पट्टी त्यांनी वाचली, रांगेला बाहेर थांबायला सांगितलं, आणि मराठीत बोलल्या. तंजावरकडच्या जुन्या घराण्यांची ती मराठी, आपल्या पणजोबांच्या पत्रातल्यासारखी आणि वर तमिळ हेल.

“तुम्ही भोसले की? तंजावरचे?”

“नाही. इस्लामपूरचा.”

“तें कोठें आलें?” त्यांनी विचारलं, पण उत्तराची वाट पाहिली नाही. “ह्या मनुष्यास काहीं दिसत नाहीं. डावा डोळा लाल आहे, दुखतही असेल. पावम्, बिचारा, कोणीं पाठ करविलें ह्यास?”

खोलीत आम्हा दोघांखेरीज ही भाषा कुणाला येत नव्हती. खरं बोलायला इतकी सोयीची जागा मला पुन्हा मिळणार नव्हती.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो.

त्यांनी चष्मा उतरवून माझ्याकडे बघितलं. एवढंच म्हणाल्या, “आजच घेऊन जा. उद्यां नको.”

नेलं. मोतीबिंदू फार पिकून फुटल्यासारखा झाला होता आणि डाव्या डोळ्यातला दाब वाढून आतली नसच गेली होती. उजव्याचं ऑपरेशन झालं, तो वाचला. डॉक्टरांनी सहज विचारलं, “वर्षापूर्वी का आणलं नाही?” मी म्हणालो, “लोक दुर्लक्ष करतात.”

नंतर जनरल मॅनेजरच्या खोलीत चौकशी झाली. मी, एळुमलै आणि हजेरी विभागाचे एक गृहस्थ. एळुमलैच्या उजव्या डोळ्यावर अजून पट्टी होती. गेल्या वर्षीच्या कागदावर दृष्टी सामान्य. याचा अर्थ कामगाराने तक्ता पाठ करून आजार लपवला, असं त्यांनीच जुळवलं. मला विचारलं, “भोसले, तुम्हाला कल्पना होती?”

एळुमलै माझ्याकडे बघत होता. म्हणजे माझ्या जरा डावीकडे, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

“नोकरीसाठी घाबरला असेल बिचारा,” मी म्हणालो. “काढू नका म्हणून हात जोडायचा. मला दया यायची.”

त्याच्या कागदावर लाल शाईत लिहिलं गेलं: माहिती लपवली. कामावरून काढू नये म्हणून मी शब्द टाकला आणि सगळ्यांनी मला दयाळू म्हटलं. त्याला तारा निवडायला बसवलं. तिथे तो दोन वर्षं टिकला आणि मग स्वतःच सोडून गेला. चौकशी झाल्यापासून दर पोंगलला त्याची बायको सेल्वी आमच्या घरी ऊस आणि पोंगल, म्हणजे गुळाचा गोड भात, पाठवते. ‘सारनी नोकरी वाचवली.’ एळुमलैने घरी तेच सांगितलं होतं. आपण साहेबापुढे बसून चहा पीत हो म्हणालो, हे बायकोला सांगण्यापेक्षा हात जोडल्याचं सांगणं त्यालाही सोपं गेलं असावं.

सुनंदाने सहावं पान थांबवलं त्यानंतरच्या रविवारी मी स्टेशनच्या पलीकडे गेलो. सेल्वीने स्टीलच्या पेल्यात कॉफी दिली. एळुमलै लुंगी नेसून जमिनीवर बसला होता, चवळीच्या शेंगा मोडत. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, माझ्या मोडक्या तमिळमध्ये. रजा, चहा, डायरी, बस, जनरल मॅनेजरची खोली.

एळुमलै मध्येच म्हणाला, “परवायिल्लै, सार. झालं ते झालं.”

“तुम्ही गप्प बसा,” सेल्वी त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “म्हणजे मी सहा वर्षं कुणाला ऊस पाठवत होते?”

मी कॉफीचा पेला खाली ठेवला.

“माझ्या भावाने यांना तोंडावर ‘लबाड आंधळा’ म्हटलंय. कंपनीच्या कागदावर तसं आहे म्हणून. यांनी ऐकून घेतलं. आणि तुम्हाला आता माझ्याकडून काय पाहिजे? रडू? मी रडले की तुम्ही आपलं मन हलकं करून घरी जाणार?”

“मी मराठीत एक लेख लिहितोय,” मी म्हणालो. हे वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर किती हास्यास्पद आहे ते मला ऐकू आलं.

“मराठी इथे कोण वाचतं?”

“कुणी नाही.”

“मग तमिळमध्ये लिहा. कंपनीच्या नावाने. हे लबाड नव्हते एवढं लिहा, सही करा.”

ती आत गेली आणि मुलीच्या वहीतला दुरेघी कागद आणि पेन घेऊन आली. मी जमिनीवर बसलो. तमिळ बोलतो मी, पण लिहिताना माझी अक्षरं पहिलीतल्या पोरासारखी येतात. दोनदा कागद बदलावा लागला. पहिल्यांदा मी ‘परिस्थितीमुळे’ असं काहीतरी लिहिलं होतं. सेल्वीने वाचलं आणि नवा कागद समोर ठेवला. तिसऱ्या कागदावर फक्त घडलं ते राहिलं: त्याने रजा मागितली, मी दिली नाही. तक्ता मी पाठ करून घेतला. विचारलं तेव्हा मी खोटं बोललो.

तो कागद मी दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीत दिला. आता चौकशी माझी आहे आणि ती संपेपर्यंत मला घरी बसायला सांगितलंय. लाल शाईतली ओळ खोडतील की नाही, ते अजून कळलेलं नाही. सेल्वी आठवड्यातून एकदा फोन करून विचारते आणि दुसरं काहीही न बोलता ठेवून देते.

त्या रविवारी मी सही करून कागद सेल्वीच्या हातात द्यायला गेलो, तेव्हा एळुमलैने शेंगांची परात बाजूला सारली आणि हात पुढे केला. कागद घेऊन तो दारातल्या उजेडात गेला. उजव्या डोळ्याजवळ धरला. एकेका ओळीखालून बोट फिरवत, ओठ हलवत, त्याने पहिल्यापासून वाचायला घेतलं. माझी अक्षरं वाईट, त्याला वेळ लागत होता. मी मध्ये काही सांगायला गेलो तर सेल्वीने हाताने थांबवलं. तो शेवटपर्यंत गेला, मग पुन्हा वर गेला आणि दुसऱ्यांदा वाचून काढलं.

मग कागद माझ्यापुढे धरून म्हणाला, “तारीख नाही घातली, सार.”

मी तारीख घातली.